करपल्याचा वास आला, म्हणून

५ ऑक्टोबर १९९६, शनिवार

सगळे मासे पोस्टमन असतात. कार्प हा मासा आहे. म्हणून कार्प पोस्टमन असतो.

तीन ओळी! फळ्यावर एवढ्या तीन ओळी लिहिल्या आणि पाऊण तास त्यांच्यातच गेला. शैक्षणिक वर्षाचा पहिला तास आणि आजच घसा बसला.

हे शनिवारवाले! आठवडाभर नोकरी करायची आणि एका शनिवाराआड येऊन कायद्याचं शिक्षण घ्यायचं. पोलीस, कचेरीतले कारकून, तुरुंगातला एक पहारेकरी. डोळ्यांत झोप, पिशवीत घरून आणलेली सॉसेजची सँडविचेस. कायदा शिकायचा तर आधी तर्कशास्त्र पास व्हावं लागतं, आणि ते शिकवणं माझ्या नशिबी.

तिसऱ्या रांगेतून हात वर. "डॉक्टरबाई, हे खोटं आहे."

म्हटलं, खोटं आहे ते मलाही माहीत आहे. मी विचारतेय की युक्तिवाद वैध आहे का.

"खोटा आहे तर वैध कसा असेल?"

पुन्हा पहिल्यापासून. वरची दोन वाक्यं म्हणजे आधारविधानं. खालचं म्हणजे निष्कर्ष. वरची खरी *मानली*, तर खालचं नाकारता येतं का? नाही ना? झालं तर मग! सांगाडा पक्का आहे. मांस नासकं आहे ही वेगळी गोष्ट.

"पण मानायचीच कशाला? पोस्टमनला विचारा की!"

वर्ग खो-खो हसला. तुरुंगाचा पहारेकरी सगळ्यात मोठ्यानं.

ही गेनोवेफा व्रूबेल. वय सेहेचाळीस. लिपोवेत्सच्या कोर्टात बावीस वर्षं साक्षी-जबान्या टाइप करते. गेल्या वर्षी माझ्याच विषयात दोनदा नापास झाली. ही शेवटची संधी. यंदा गेली तर नाव यादीतून कायमचं कापलं जाणार. एवढं डोक्यावर टांगलेलं असताना बाई माशाच्या नोकरीवरून माझ्याशी भांडतात!

६ ऑक्टोबर

वितेकला कार्पची गोष्ट सांगितली. नवऱ्यानं बायकोची बाजू घ्यावी, एवढी साधी अपेक्षा. तर म्हणे, "बाईचं बरोबर आहे. पोस्टमनला विचारायला हवं."

१९ ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस उगवायलाच नको होता.

सकाळी न्हाणीतून बाहेर आले तर घरभर करपल्याचा वास. दूध! तिथूनच वितेकवर सुटले — एक भांडं सांभाळता येत नाही का? पुन्हा उतू घालवलंस ना? पेपर वाचत बसला असशील! तर हा स्वयंपाकघरातून शांतपणे बाहेर आला. हातात चहाचा पेला. गॅस बंद. दुधाची बाटली फ्रीजमध्ये, अजून उघडलेलीसुद्धा नाही.

"वास शेजारच्या घरातूनही येऊ शकतो ना गं, तर्कशास्त्रीणबाई?"

शेजारच्या माझुरेकबाईंचं दूध उतू गेलं होतं. जिन्यात धूर. आणि हा हसला! डोळे पुसून पुसून हसला! एकतीस वर्षं मी लोकांना शिकवतेय की असं अनुमान करायचं नसतं, आणि ओल्या केसांनी उभी राहून तेच केलं. खूप चिडले. त्याच्यावर की माझ्यावर, ते ट्रॅमच्या शेवटच्या थांब्यापर्यंत ठरेना.

मग ठरवलं, हेच उदाहरण वर्गात घ्यायचं. निदान काही उपयोग.

लिपोवेत्सच्या मार्गावर सिग्नल बिघडलेला. गाड्या बंद. चाळीसपैकी नऊ आले. मधल्या सुट्टीनंतर राहिले दोन — मागच्या बाकावर झोपलेला एक पोलीस आणि व्रूबेलबाई. त्या म्हणे बसनं आल्या, पहाटे पाचला निघून. मला खरं तर घरी जायचं होतं. एका बाईसाठी आणि एका घोरणाऱ्यासाठी उभं राहायचं!

फळ्यावर लिहिलं: दूध उतू गेलं, तर करपल्याचा वास येतो. त्याखाली चार ओळी. दूध उतू गेलंय, म्हणून वास येणार. वास आला, म्हणून दूध उतू गेलं. दूध उतू गेलं नाही, म्हणून वास येणार नाही. वास आला नाही, म्हणून दूध उतू गेलं नाही. कुठलं 'म्हणून' बरोबर आणि कुठलं चूक, याच्या खुणा करायला घेणार तेवढ्यात दारावर टकटक. उपडीन कुझावा. जिथे नको तिथे हा माणूस उगवतोच.

"सित्कोबाई, तुमचे तास तीसवरून पंधरावर आणायचं चाललंय. कदाचित विषयच जाईल. मार्चच्या बैठकीत ठरेल. वकिलाला तोंड लागतं हो, हे दूधबिध कशाला?" — फळ्याकडे बघत, मिशीतून. बोलणं वर्गाच्या दारात, व्रूबेलबाई ऐकत असताना!

परत फळ्याशी आले तेव्हा हात थरथरत होता. खुणा पटापट करून टाकल्या. तेवढ्यात बाईंचा हात वर. "डॉक्टरबाई, पण वास शेजारच्या घरातूनही येऊ शकतो ना?"

शब्द न् शब्द वितेकचा! एकाच दिवसात दोनदा! भडका उडाला माझा. म्हटलं, "व्रूबेलबाई, हे तर्कशास्त्र आहे, तुमचं स्वयंपाकघर नाही. फळ्यावर आहे तसं उतरवा."

उतरवलं त्यांनी. मान खाली घालून.

२० ऑक्टोबर

जरा जास्तच बोलले का काल? असू दे. बावीस वर्षं कोर्टात काढली आहेत, इतकं मनाला लावून घेणार नाहीत.

१ नोव्हेंबर

आईबाबांच्या कबरीवर दिवे लावले. वाऱ्यानं चारदा विझले. पाचव्यांदा वितेकनं लावले आणि ते राहिले. काही बोलला नाही, हे उपकारच.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज पहिल्यांदा व्रूबेलबाईंशी धड बोलणं झालं. मी कॉरिडॉरमध्ये रेडिएटरला पाठ लावून उभी होते, त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. लोणच्याची काकडी पुढे केली. घेतली.

म्हणाल्या, "मला आता कळलं डॉक्टरबाई, ते माशाचं. आमच्या कोर्टात रोज तेच चालतं. काही वकील बोलतात ते सगळं खरं असतं, फक्त 'म्हणून' खोटं असतं. आणि काहींचं 'म्हणून' पोलादासारखं, पण मुळात बोलतात तेच खोटं. मला वाटायचं दोन्ही एकच."

मी काकडी चावायची थांबले. सहा आठवडे घसा फोडून जे सांगतेय ते या बाईनं दोन वाक्यांत सांगितलं! तसं त्यांना म्हणाले मात्र नाही. म्हटलं, "बरं. परीक्षेत लिहा म्हणजे झालं."

मग त्यांची वही बघितली. बघून हसावं की रडावं! बाई माझं व्याख्यान कोर्टातल्या जबानीसारखं उतरवतात. तारीख, वेळ, कोण बोललं, कोण मध्ये बोललं. मी शिंकले तेही आहे — 'डॉ. सित्को शिंकतात.' म्हटलं, अहो, यातलं तुम्हाला जे पटतं तेवढंच लिहा ना. डोकं वापरून टिपणं काढा.

"पटणं माझं काम नाही हो. समोरचा बोलला ते जसंच्या तसं गेलं पाहिजे. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माणूस आत जातो. अगदीच राहवलं नाही तर कडेला पेन्सिलीनं लिहिते. घरी जाऊन खोडते."

हेच ते! हेच! यांना विचार करायला शिकवायचं, आणि यांची बोटं बावीस वर्षं विचार न करण्यात तयार झालेली. कसं व्हायचं?

जाता जाता म्हणाल्या, "बावीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहितेय. एकदा तरी उभं राहून स्वतःचं बोलायचंय." ट्रॅममध्ये ते वाक्य आठवत राहिलं. उगीचच.

१४ डिसेंबर, शनिवार

अकरा जण. बाकीचे नाताळची खरेदी करत असणार. हजर राहणाऱ्यांवर मी ओरडते आणि न येणारे सुखात. यातला युक्तिवाद कुणीतरी मला समजावून सांगा!

२५ जानेवारी १९९७, शनिवार

परीक्षा झाली. एकसष्ट पेपर. (तासांना कधी चाळीसच्या वर डोकी दिसली नाहीत. हे वरचे एकवीस कुठून आले?) शहरातले बडे नोटरी बिएल, त्यांचे चिरंजीव कोर्नेल आज पहिल्यांदा नीट बघायला मिळाले. सव्वीस वर्षांचा, हुशार आहे म्हणतात, वर्गात मात्र दोनदाच आला. व्रूबेलबाईंच्या शेजारी बसला होता.

तिसरा प्रश्न माझा लाडका. 'आरोपी दोषी असेल, तर तो पळून जातो.' त्याखाली चार अनुमानं. 'तो पळून गेला, म्हणून दोषी आहे' — हे चूक म्हणणार नाहीत त्यांना वकील होऊ देऊ नये. माणूस भीतीनंही पळतो. कर्जापायी पळतो. बायकोला कंटाळून पळतो. या एका फसव्या 'म्हणून'नं किती निरपराध आत गेले असतील!

२८ जानेवारी

पेपर तपासून डोळे गेले. एकानं लिहिलंय — 'निष्कर्ष म्हणजे भाषणाचा शेवट, तो टाळ्या मिळतील असा असावा.' कुझावांचा पट्टशिष्य दिसतोय.

पण खरी गोष्ट वेगळीच. तिसऱ्या प्रश्नात चुका सगळ्यांनी केल्या, आपापल्या परीनं. पण दुसरं अनुमान 'बरोबर' आणि चौथं 'चूक', म्हणजे नेमकं उलटंपालटं, आणि बाकी दोन अचूक — असे पेपर एकसष्टात दोनच. व्रूबेल आणि बिएल. शेजारी-शेजारी बसलेले!

रागानं पेन खाली ठेवलं. काकडी दिली होती मला! पोलादासारखं 'म्हणून' म्हणे!

२९ जानेवारी

कोर्नेलला फोन केला. "मी कुणाच्या पेपरात बघितलं नाही, डॉक्टरबाई. अभ्यास केला होता." आवाज सरळ. ज्याचा बाप नोटरी आणि डोकं बरं, तो एका टाइप करणाऱ्या बाईच्या पेपरात कशाला बघेल? आणि तिची मात्र शेवटची संधी. म्हणजे कुणी कुणाचं बघितलं हे उघड आहे.

डीनना अर्ज लिहिला. चारच ओळी. 'नक्कल केली असेल, तर चुका जुळतात. प्रस्तुत दोन पेपरांतल्या चुका तंतोतंत जुळतात. म्हणून नक्कल झालेली आहे. श्रीमती व्रूबेल यांची चौकशी व्हावी.'

स्वच्छ. एक शब्द जास्तीचा नाही. खूप दिवसांनी काहीतरी नीट लिहिलं असं वाटलं. वितेकला वाचून दाखवलं. तो रेडिओ उघडून बसला होता. "हं" म्हणाला, आणि थोड्या वेळानं — "जरा वास येतोय गं." मी स्वयंपाकघरात जाऊन बघून आले. काही नव्हतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

व्रूबेलबाईंना खोलीत बोलावलं. उभ्याच राहिल्या. कोट अंगात.

"मी नक्कल केली नाही."

मग हे कुठून आलं? दुसरं बरोबर, चौथं चूक — हे उलटं डोकं कुठून आलं? सांगा ना!

बाईंनी मग पिशवीत हात घातला, काहीतरी काढायला. तेवढ्यात कुझावा. न ठोठावता! "सित्कोबाई, मार्चची तारीख पक्की झाली. तुमच्या विषयाचा निकाल वीसला लागणार." मग बाईंकडे बघून, "आणि ह्या त्याच का? वा! तर्कशास्त्र शिकवून नक्कल करायला लागले! चांगला मुद्दा मिळाला मला बैठकीत."

व्रूबेलबाईंनी पिशवीतून हात बाहेर काढला. रिकामा.

"काय काढत होतात?" मी विचारलं.

"रुमाल," म्हणाल्या.

रुमाल त्यांच्या दुसऱ्या हातातच होता!

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज चरबट गुरुवार, ईस्टरआधीचे उपास सुरू होण्यापूर्वीचा खाण्याचा दिवस. सगळं शहर डोनट खातंय. चौकशी समितीच्या टेबलावरही ताटभर. आम्ही तिघं — कुझावा, रोमन कायदा शिकवणारा एक नवा पोरगेलासा मास्तर, आणि मी. समोर व्रूबेलबाई. कोर्टातून रजा घेऊन आल्या होत्या. केस नीट सेट केलेले, गळ्याशी ब्रोच. एका हातात घट्ट धरलेलं गुणपुस्तक, ज्यात आमची सही पडली की विद्यार्थी पास.

कुझावा मिशीला साखर लावून म्हणाले, "विचारा तुम्हीच. तुमचा विषय."

मी तोच प्रश्न विचारला. आरोपी दोषी असेल तर पळून जातो, तो पळून गेला, म्हणून दोषी. बरोबर?

"चूक," बाई म्हणाल्या. क्षणभरही न थांबता. "माणूस दुसऱ्या कारणानंही पळतो. माझ्यासमोर बावीस वर्षांत किती पळाले, त्यातले निम्मे निर्दोष सुटले."

आणि चौथं? पळून गेला नाही, म्हणून दोषी नाही?

"बरोबर. पहिलं वाक्य खरं धरलं तर. पण ते वाक्य खरं नाही हो, दोषी माणसं घरात बसूनही राहतात. तरी 'म्हणून' बरोबर आहे."

मी थक्क! असं उत्तर मला दहा वर्षांत मिळालं नव्हतं. सांगाडा एकीकडे, मांस एकीकडे — अगदी वेगवेगळं करून दाखवलं. माझ्या तोंडून 'वा' निघणार होतं.

पण कुझावा! डोनट खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे तुम्हाला येतंय. मग बारा दिवसांपूर्वी पेपरात नेमकं उलटं का लिहिलं? ज्याला येतं तो उलटं कधी लिहील? दुसऱ्याचं बघून लिहील तेव्हाच!"

मीही बघत होते त्यांच्याकडे. मलाही तेच विचारायचं होतं. येत असूनही चूक का लिहिली? कुणासाठी?

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. कसं ते मला लिहिता येत नाही. मग टेबलाकडे बघत म्हणाल्या, "माझीच चूक. लिहून घ्या."

लिहून घेतलं. दोघांचे हात वर झाले आणि मग माझा. नाव कापलं.

जाताना कुझावांनी त्यांना डोनट दिला. त्यांनी कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. आभारही मानले!

७ फेब्रुवारी

झोप नाही. निर्णय बरोबर आहे. सगळं बरोबर आहे. मग मी जागी का?

२२ फेब्रुवारी, शनिवार

फेरपरीक्षा. कोर्नेल बिएल पास. तिसरा प्रश्न यावेळी अचूक. गुणपुस्तकावर सही केली. शाई वाळेपर्यंत तो थांबला, पुस्तक मिटलं, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. आणि मग म्हणाला, "डॉक्टरबाई, एक सांगायचं होतं."

सही झाल्यावर! हा खरा वकील होणार.

"मी अभ्यास केला होता म्हणालो ना, तो व्रूबेलबाईंच्या वहीवरून. झेरॉक्स काढली होती. डिसेंबरात. पूर्ण वहीची." टेबलावर चळत ठेवली. "चूक तिच्यातच होती. मी पाठ केली, मला काय माहीत! त्यांनी माझं बघितलं नाही. मी त्यांचं बघितलं नाही."

मग फोनवर का नाही सांगितलंस?

"तुम्ही विचारलंत, पेपरात बघितलंस का. कुठल्या वहीतून अभ्यास केलास असं नाही विचारलंत." मग कोटाची बटणं लावत, "आणि समितीनंतर मी त्यांना भेटलो. म्हटलं, मी जाऊन सांगतो. तर मलाच ओरडल्या — 'खबरदार! त्या मिशीवाल्यासमोर बाईंना मान खाली घालायला लावायची? त्यांचा विषयच काढायला बसलेत ते. मला काय, टाइप करता येतं.'"

तो गेला. मी पानं उलटली. त्यांचं ते कोर्टातलं अक्षर.

'१९ ऑक्टोबर १९९६. दुपारी २ वाजून १० मि. डॉ. एलिओनोरा सित्को. उपस्थित दोन, पैकी एक झोपेत. (व्यत्यय: उपडीन कुझावा दारात, सहा मिनिटं.)'

खाली दुधाच्या चार ओळी. आणि खुणा. पहिली — बरोबर. दुसरी, वास आला म्हणून दूध उतू गेलं — बरोबर. तिसरी — चूक. चौथी — चूक.

'प्रश्न: वास शेजारच्या घरातूनही येऊ शकतो ना? उत्तर: फळ्यावर आहे तसं उतरवा.'

आणि कडेला, पेन्सिलीनं. झेरॉक्समध्ये अगदी फिकट उमटलंय. घरी जाऊन खोडायचं राहिलं असावं — 'मला पटत नाही. पण बाई चुकणार नाहीत.'

आधी वाटलं, हिनंच चुकीचं उतरवलं. पाच मिनिटं मी तोच आधार धरून बसले! जी बाई माझी शिंक सोडत नाही ती खूण चुकवेल? घरी येऊन ही रोजनिशी मागे उलटली. माझंच अक्षर: 'हात थरथरत होता. खुणा पटापट करून टाकल्या.'

आणि मग २९ जानेवारीचं पान. नक्कल केली असेल तर चुका जुळतात, चुका जुळल्या, म्हणून नक्कल. दुसरी ओळ! शब्द बदलले, बाकी तीच! वास आला, म्हणून दूध उतू गेलं! आणि शेजारचं घर कुठलं होतं? माझा फळा! डीनना लेखी दिलं मी हे. 'स्वच्छ' म्हटलं त्याला.

वितेकला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. तो हसला असता तर बरं झालं असतं. रेडिओ बाजूला सारून म्हणाला, "मग आता?"

मी रडले. चोपन्नाव्या वर्षी, स्वयंपाकघरात उभी राहून, मोठ्यानं रडले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लिपोवेत्सला गेले. कोर्ट सुटेपर्यंत बाकावर बसले. व्रूबेलबाई बाहेर आल्या तेव्हा म्हटलं, डीनना एक अर्ज लिहायचाय. मी सांगते, तुम्ही टाइप करा. माझा हात स्थिर नाही.

परत आत गेल्या, मशीनवरचं झाकण काढलं. मी बोलत गेले, त्या टाइप करत गेल्या. फळा माझा. खुणा माझ्या. प्रश्न विचारला तेव्हा गप्प बसवलं ते मी. अनुमान चूक, अर्ज चूक, वर केलेला हात चूक. व्रूबेल यांचं नाव यादीत परत घ्यावं. एकदाही थांबल्या नाहीत, वर बघितलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी बोटं चालू.

मग मी शेवटची ओळ सांगितली: "माझ्या हातून इतकी मोठी चूक झाली, म्हणून मी हा विषय शिकवायला लायक नाही."

बोटं थांबली.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच थांबली असतील.

"हे नाही लिहिणार," बाई म्हणाल्या. "हे वरच्यातून निघत नाही."

कागद मशीनमधून काढून माझ्यापुढे ठेवला. सहीपुरती जागा सोडून.